तिसऱ्या खांबावरची झालर

मुर्री, २२ फेब्रुवारी १९५४

केवलराम,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी देईन. आधी मला कोणाशी तरी भांडायचं आहे आणि घरात भांडण्यासारखं कोणी उरलेलं नाही. बाबा परवापासून तोंड मिटून बसले आहेत.

कचारगडच्या जत्रेहून लोक परतले आणि लगेच मारुतीच्या पारावर बैठक बसली. महादेवाच्या नव्या देवळाच्या भिंती झाल्या, आता दाराची दगडी चौकट कोणाकडून घडवायची, हा प्रश्न. बाबा उठले आणि म्हणाले, "चौकट मी घडवतो." सरळ एवढंच. त्यावर आता पंच झालेला श्यामलाल, ज्याला बाबांनी लहानपणी खांद्यावर बसवून बाजार दाखवला, तो काय म्हणाला ऐक. "बकाराम काका, जात्याले टाकी लावणं वेगळं, देवाची चौकट वेगळी."

बाबा म्हणाले, "मी जबलपूरच्या मोठ्या गिर्जात खांब कोरलो."

झालं. अख्खा पार हसला. श्यामलाल म्हणाला, "पन्नास वर्षं ऐकून राहिलो काका. कोनी पायलं काय तो खांब?" आणि पुन्हा हशा. तुला आठवत असेल, आपण लहान असतानाही पोरं आपल्याला 'गिर्जेवाले' म्हणून चिडवायची. तेव्हा मी पोरांच्या झिंज्या उपटायचे. आता पन्नाशीकडे झुकलेल्या बाईने पंचांच्या कशा उपटायच्या?

रामनवमीपर्यंत ठरवू म्हणतात, नाही तर बाहेरून कारागीर आणणार. बाबांचा डावा डोळा गेलाच आहे. उजव्याने अजून वर्षभर काम होईल, असं गोंदियाच्या डॉक्टरने सांगितलंय. म्हणजे ही चौकट नाही मिळाली, तर बाबा खोटारडे म्हणूनच जाणार. त्यांना जेवण मिळालं नाही तरी चालेल, हे चालणार नाही.

आणि तू! तीन वर्षं जबलपुरात आहेस. मालगाडीच्या कचेरीत बसून दुनियेच्या पोत्यांवर नंबर टाकतोस, पण बापाचा खांब बघायला तुला एक रविवार सापडला नाही. येत्या रविवारी जा. बाबा सांगतात, मोठ्या दारातून आत गेलं की उजव्या हाताचा तिसरा खांब, छातीइतक्या उंचीवर. "तिथी मी धान कोरलो," एवढंच म्हणतात. बघ आणि जे दिसेल ते लिही. पत्र मी पारावर वाचून दाखवणार आहे.

आशीर्वाद तुझं उत्तर आल्यावर.

देवकाबाई

•

जबलपूर, २८ फेब्रुवारी १९५४

बाई, नमस्कार.

तुझं पत्र कचेरीत आलं आणि साहेबासमोर वाचताना माझे कान तापले. तरी आज दुपारी गेलो.

आधी त्या चर्चच्या इमारतीबद्दल लिहितो, कारण ती मी जन्मात विसरणार नाही. बाहेरून सडकेवरून पाहताना नुसता उंच दगडी डोंगर वाटतो. आत पाऊल टाकलं आणि मी टोपी काढून हातात धरली, का काढली ते मलाच कळलं नाही. बाहेर ऊन चढलेलं, आत माजघरासारखं गार. दोन्ही बाजूंनी खांबांच्या रांगा, आणि प्रत्येक खांबाच्या डोक्यातून दगडाच्या फासळ्या निघून वर मध्यावर एकमेकींना भेटतात. नवेगावच्या तलावाकाठी पावसाळ्याआधी मासेमारीचे डोंगे उपडे घालून ठेवतात, तसं ते छत खालून दिसतं. एवढं वजन वर कोणी कसं पेललं, हे समजायला मी मान मागे टाकून इतका वेळ उभा राहिलो की मानेला रग लागली. खिडक्यांत रंगीत काचा. त्यांतून लाल-निळा उजेड फरशीवर पडतो आणि सूर्याबरोबर हळूहळू सरकत जातो. मी खोकलो, तर खोकला छतापर्यंत जाऊन परत आला. माणसांनी हे हातांनी बांधलं, बाई. कोणीतरी दगड चढवले, कोणीतरी तासले.

आता दुसरं. तुला राग येईल, पण मी खोटं लिहिणार नाही.

तिसऱ्या खांबावर धान नाही. सगळ्याच खांबांना छातीच्या उंचीवर कोरीव पट्टी आहे आणि दारात एक छापील पुस्तिका मिळते, तीत लिहिलंय की खांबांवर गहू आणि द्राक्षांच्या वेली आहेत. त्यांच्या धर्मात भाकरी आणि द्राक्षारस पवित्र मानतात, म्हणून. भिंतीवर संगमरवरी पाटी आहे. तीत बिशपचं नाव आहे, इंजिनिअर साहेबाचं आहे, देणगीदारांची आहेत. बकाराम नावाचा कोणी नाही. मी मूर्खासारखा तिथल्या चौकीदाराला बोललो, "यह खंभा मेरे पिताजी ने बनाया है." तो हसला. म्हणाला, "हाँ बाबू, और ताजमहल किसने बनाया?" आजूबाजूचे लोक बघायला लागले. मी तसाच बाहेर पडलो.

बाबांनी तिथे दगड वाहिले असतील. चुना कालवला असेल. तेही काम लहान नाही. पण आयुष्यभर ही गोष्ट का सांगत राहिले? आपल्याला पोरांचा मार खाऊ घातला या गोष्टीने. मला बाबांचा राग आला आहे आणि तो लपवायची माझी इच्छा नाही. तू हे पारावर वाचू नकोस म्हणजे झालं.

केवलराम

•

मुर्री, ६ मार्च १९५४

केवलराम,

पारावर नाही वाचलं. घरात वाचलं, तेही अर्धं.

बाबा खाटेवर बसले होते. छताच्या फासळ्या, उपडे डोंगे, रंगीत उजेड, सगळं वाचलं. बाबांनी चार वेळा वाचायला लावलं. मधेच म्हणाले, "खोकला वर जाते ना? मी हातोडी मारलो का ते वर जाये अन् वापस ये." मग विचारलं, "अन् तिसरा खांब?" मी म्हटलं, पत्र तिथेच संपलं, शाई संपली असेल. उभ्या आयुष्यात मी बापाशी खोटं बोलले नव्हते. ते तू बोलायला लावलंस.

आता तुझ्या पुस्तिकेबद्दल. पुस्तिकेत गहू लिहिलंय, म्हणून तू गहू पाहिलास. तू डोळ्यांनी पाहिलंस का रे? अकराव्या वर्षी तुला शाळेला गोंदियात ठेवलं, तिथून पुढे तू धान फक्त ताटातल्या भातात पाहिलंस. मी या वर्षीही गुडघाभर चिखलात रोवणी केली आहे. म्हणून मी विचारते आणि तू परत जाऊन उत्तर देशील.

गव्हाची ओंबी ताठ उभी राहते, दाणे एकावर एक घट्ट बसलेले, विणल्यासारखे. धानाची लोंबी भरली की वाकते आणि प्रत्येक दाणा आपल्या बारीक देठावर सुटा लोंबतो. त्या खांबावर ताठ आहे की वाकलेलं? दाणे चिकटलेले आहेत की सुटे?

आणखी एक. धान कापून झालं की आपण लोंब्यांची झालर विणून दारावर टांगतो, चिमण्यांसाठी. हे तरी विसरला नाहीस ना? झालर बांधायची प्रत्येक घराची रीत वेगळी. आपल्या घरची म्हणजे बाबांच्या आईची. दोन काड्या खालून, एक वरून, आणि शेवट डाव्या अंगाला आत खुपसायचा. गावात सगळे उजवीकडे खुपसतात. बाबांनी मला ती शिकवली, मी माझ्या सुनेला शिकवली. खांबावर काड्या कशा बांधल्या आहेत ते बघ.

पाहूनही तुला कळणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून कागद खांबावर दाबून धर आणि वरून कोळसा घास. आपण लहानपणी पैशावर कागद ठेवून राजाचं तोंड उमटवायचो तसं. तो कागद मला पाठव. चौकीदार हसला तर हसू दे. चौकीदाराने हसल्यावर पळून जाणारा मुलगा बाबांना कसा झाला, याचा मी विचार करून राहिले आहे.

आशीर्वाद या वेळीही नाही.

देवकाबाई

•

जबलपूर, १४ मार्च १९५४

बाई,

सोबत गुंडाळी करून कागद पाठवतो आहे. दमट हाताने उघडू नकोस, कोळसा पुसला जाईल.

मी आंधळा होतो. एवढंच लिहून पत्र संपवलं तरी चालेल.

आज मी दारापासून सगळे खांब पाहत गेलो. पहिला, दुसरा, चौथा, पाचवा, सगळ्यांवर ताठ ओंब्या आहेत, कागदावरून उतरवल्यासारख्या एकसारख्या. तिसऱ्यावर वाकलेलं आहे. दाणे सुटे आहेत, एक-एक. काही ठिकाणी तर टरफलाला मधोमध रेघ आहे. आणि बांधलेलं आहे, बाई. दोन काड्या खालून, एक वरून. शेवट डाव्या अंगाला आत. मी बोट त्यावर ठेवलं आणि तिथेच जमिनीवर बसलो. दोन आठवड्यांपूर्वी मी याच खांबासमोर उभा राहून बापाला खोटं ठरवलं होतं.

कोळसा घासत असताना मागून हाक आली. तिथले म्हातारे फादर. पांढरी दाढी, हिंदी बोलतात. चौकीदार बाजूला उभा होता, आता पोलिसात देणार अशा चेहऱ्याने. फादरनी कागद पाहिला आणि म्हणाले, "तीस साल से देख रहा हूँ. इस कारीगर का गेहूँ ख़राब है. बाली झुकी हुई, दाने बिखरे हुए."

मला काय झालं कोण जाणे. मी, जो साहेबापुढे जीभ उचलत नाही, तो मोठ्याने बोललो, "फादर, यह ख़राब गेहूँ नहीं है. यह अच्छा धान है!"

'धान है' छतापर्यंत जाऊन परत आलं. बाकांवर बसलेले सगळे वळून बघायला लागले. फादरनी चष्मा पुसला, खांबाशी वाकले आणि एकेक दाणा जवळून पाहू लागले. चौकीदार या वेळी हसला नाही.

पण एक गोष्ट मला सतावते आहे. सगळ्यांना गहू कोरायला सांगितला होता. बाबांनी धान का कोरलं? त्यांना गहू माहीत नव्हता का? फादरनीही हेच विचारलं. विचारून लिही.

केवलराम

•

मुर्री, २३ मार्च १९५४

केवलराम,

कागद आला. सारवलेल्या जमिनीवर पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. माझी सून वाकून बघते आणि म्हणते, "हे तं हिरानक्खी आहे." दाणा बघून धानाची जात सांगितली पोरीने. बाबांना नीट दिसेना. त्यांनी कागदावर बोटं फिरवली, बोटं काळी झाली. म्हणाले, "गाठ?" मी त्यांचं बोट गाठीवर नेऊन ठेवलं.

मग मी विचारलं. गहू सांगितला असताना धान का? बाबा म्हणाले, "मले मालूम होतं, गहूच सांगतला होता. मिस्त्रीनं कागद देल्ला होता चित्राचा." आणि जे पन्नास वर्षांत सांगितलं नाही, ते त्यांनी सांगितलं.

संवत छपन्नच्या दुष्काळात, आपण जन्मायच्या आधी, सलग दोन वर्षं धान झालं नाही. त्या साली मुर्रीतल्या एकाही दारावर झालर लागली नाही. आजी रोज सकाळी दाराच्या वर रिकाम्या खिळ्याकडे बघायची आणि म्हणायची, पाखरं येऊन जातात रे, त्यांना काय सांगू? ती त्याच उन्हाळ्यात गेली. तिच्या मागे बाबा पायी जबलपूरला गेले, दगडावर काम शिकले आणि दीड वर्षाने त्यांना तो खांब मिळाला. "देवाचं घर आहे," बाबा म्हणाले, "कोनाचा का देव असंना. मायच्या दाराले लावता नाही आली, तिथी लावलो. दगडाची झालर कोनी खाऊन संपवत नाही."

पुढे काय झालं तेही ऐक. मिस्त्रीने पाहिलं तेव्हा काम पुरं झालं होतं, खांब वरच्या कमानीसकट उभा होता, दगड काढता येत नव्हता. सगळ्या मजुरांसमोर त्याने बाबांच्या थोबाडीत दिली आणि कामावरून हाकललं. बाबा त्याच रात्री घराकडे निघाले. म्हणून ते कधी नीट सांगत नव्हते रे. फक्त "धान कोरलो" म्हणायचे आणि गप्प व्हायचे. आणि आपल्याला वाटायचं, पुढे सांगायला काही नाही म्हणून गप्प होतात.

माझा संताप कोणावर काढू ते मला कळत नाही. मिस्त्री मेला असेल. श्यामलाल जिवंत आहे, पण बाबा म्हणतात, हाकललं ते पारावर सांगू नको, लाज वाटते. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला विशीतल्या पोराने खाल्लेल्या थोबाडीतीची लाज! नुसता कागद दाखवला तर श्यामलाल विचारेल, मग नाव का नाही, एकच खांब का? तू सांग, काय करू?

देवकाबाई

•

जबलपूर, ४ एप्रिल १९५४

बाई,

सगळं सांग. थोबाडीत मारणाऱ्याने लाजायचं, खाणाऱ्याने नाही. बाबांना म्हणावं, केवलरामने सांगितलंय, आणि केवलरामला आता बोलायचा हक्क नाही हेही त्याला माहीत आहे, तरी सांगतो.

मी फादरना तुझं पत्र हिंदीत वाचून दाखवलं. थोबाडीतीपाशी आलो तेव्हा त्यांनी मान खाली घातली. मग मला त्या खांबाशी घेऊन गेले. मी पूर्वी पाहिलं नव्हतं ते त्यांनी दाखवलं. बाकीच्या खांबांवरच्या ओंब्यांत धूळ बसलेली आहे, बाबांची झालर मात्र गुळगुळीत झाली आहे. इथे छत्तीसगडाकडच्या, धानाच्या मुलखातल्या पुष्कळ मजूर बाया येतात. येता-जाता त्या याच खांबाला हात लावतात आणि प्रार्थनेच्या वेळी याच खांबाशी बसतात. फादर म्हणाले, "मैं सोचता था, ये यहीं क्यों बैठती हैं. मुझे छोड़कर सबको मालूम था."

आणि हे महत्त्वाचं. पुस्तिका पावसाळ्यानंतर पुन्हा छापायची आहे. तीत तिसऱ्या खांबापुरतं 'गहू' खोडून फादर 'धान' लिहिणार आहेत आणि पुढे कारागिराचं नाव. पूर्ण नाव आणि गाव नीट लिहून पाठव. मी मुद्दाम तुझ्या हातचं मागतो आहे.

केवलराम

•

मुर्री, १५ एप्रिल १९५४

केवलराम,

रामनवमी झाली आणि बैठकही झाली. बस आणि वाच.

मी पारावर कागद पसरला आणि सगळं सांगितलं. दुष्काळ, रिकामा खिळा, थोबाडीत, सगळं. बाबा खाली बघत होते. बायांनी कागद हातोहात फिरवला आणि एकही बाई त्याला गहू म्हणाली नाही. बाबा म्हणाले, चौकटीवरही हीच झालर कोरीन. मला वाटलं, आता तरी श्यामलाल हात जोडेल. श्यामलालने काय केलं असेल? मान डोलवली आणि म्हणाला, "कोरलं हाय, मान्य. पन नक्षी तं गिर्जातली झाली. महादेवाच्या दारात पाद्र्याची नक्षी कायले?"

पन्नास वर्षं म्हणत होते, कोरलंच नाही. आता म्हणतात, कोरलं म्हणूनच नको! माझ्या तोंडाला फेस यायचा बाकी होता. पण बाबा उठले. काठी घेतली आणि पारावरून उतरून चालायला लागले. आम्ही सगळे मागे. थेट श्यामलालच्या घरी गेले. दारावर यंदाची झालर अजून टांगलेली, अर्धी चिमण्यांनी खाल्लेली. बाबांनी काठी वर केली आणि म्हणाले, "श्यामलाल, हे पयले काढ. पाद्र्याचं आहे."

आतून सावित्रीबाई आल्या, श्यामलालची आई. "माह्या झालरीले कोन हात लावून राहिला?" कोणीतरी त्यांना सांगितलं काय झालं ते. त्या मुलाकडे बघून म्हणाल्या, "तुया आज्याच्या आज्यानं बांधलं तवा पाद्री होता काय रे गावात? चौकटीवर झालर नाही लागली तं मी त्या देवळात पाय ठेवनार नाही. अन् गावातली एकही बाई ठेवनार नाही."

संपलं. चौकट बाबांना मिळाली. काल पहिला दगड अंगणात येऊन पडला आणि आज पहाटेपासून टक-टक सुरू आहे. बाबा डोळ्यांपेक्षा बोटांनीच बघतात.

मग मी बाबांना तुझं पत्र वाचून दाखवलं. म्हटलं, नाव सांगा, पुस्तिकेत छापणार आहेत. बाबांनी हातोडी खाली ठेवली नाही. म्हणाले, "माह्यं नाव कायले? मले तं हाकललं होतं. मायचं नाव लिव. दार तिचं होतं."

मी चिडले. अगदी ओरडले. म्हटलं, तुमच्या नावासाठी आम्ही जन्मभर पोरांशी भांडलो, पंचांशी भांडलो, मी तुमच्याशी खोटं बोलले, केवलराम भर गिर्जात ओरडला आणि आता तुम्ही म्हणता आईचं लिही? ते टक-टक करत राहिले. दुपारी पाणी द्यायला गेले तर म्हणाले, "ते भुकीनं गेली, देवका. तिचं नाव कुठीच नाही."

म्हणून फादरना हे नाव दे. माझ्या हातचं मागितलंस, माझ्या हातचंच घे.

जमुनाबाई, मुर्री.

आपण दोघांनीही तिला पाहिलेलं नाही. रविवारी जाशील तेव्हा त्या बायांमध्ये थोडा वेळ बस आणि खांबाला माझ्या वतीने हात लाव.

आता आशीर्वाद.

देवकाबाई